वगळलेला अभिप्राय

सारांशाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती : 'वगळलेले अभिप्राय – १'.

एरवी मी त्या ओळीपर्यंत गेलेच नसते. वर सगळं छान होतं. 'मापन-१' या पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमाला आमच्या कॉलेजातल्या बासष्ट विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.९ गुण दिले होते. अभिप्राय वाचून त्यांचा सारांश काढणाऱ्या प्रोग्रॅमने खाली लिहिलं होतं, 'विद्यार्थी अत्यंत समाधानी आहेत. वारंवार आलेले शब्द : सोपे, स्पष्ट, मनोरंजक.' हा कागद सोमवारी पुण्याहून येणाऱ्या समितीपुढे ठेवायचा होता. समितीने मान्यता दिली की मापन-१ एक्केचाळीस कॉलेजांतून चारशे कॉलेजांत जाणार होता. हा अभ्यासक्रम मी अकरा वर्षं घडवत होते. आज गुरुवार होता.

मी त्या ओळीवर बोट ठेवलं. वगळण्याचं कारण दिलेलं होतं, 'सरासरीशी विसंगत'. मग मजकूर उघडला.

'कोर्स चांगला आहे. पहिले चार तास मला फार आवडले. अणू खाली पडताना दाखवणारी फिल्म मी घरी जाऊन परत बघितली. मॅडम दर पाच मिनिटांनी "स्पष्ट आहे ना?" विचारतात. त्यावर नाही म्हणता येत नाही, कारण सगळा वर्ग वळून बघतो. तिसऱ्या बाकावरचा पंखा फार आवाज करतो.

आता प्रॅक्टिकलबद्दल. सप्टेंबरमध्ये आम्हाला एक तास लागायचा. मार्चमध्ये पावणेदोन तास लागले. माझी सव्वाचारची एसटी चुकायची, नंतरची सहाला असते. वेळ का वाढला ते सांगते. वीस रीडिंग भिंतीवरच्या आकड्याजवळ यावी लागतात. दूरचं आलं की आम्ही ते रद्द करतो आणि कारण "वाहनाचे कंपन" निवडतो. सगळेच करतात, सीनियर्सनीच शिकवलं. सप्टेंबरमध्ये जवळची लवकर मिळायची, मार्चमध्ये मिळेनात. रद्द केलेली सगळी रीडिंग मी कच्च्या वहीत लिहून ठेवली आहेत. टाकून द्यायला बरं वाटलं नाही.

लॅबच्या दारावर भूजलाचा नकाशा आहे. त्यात आपला तालुका हिरवा आहे, म्हणजे पाणी स्थिर. माझ्या मामूने यंदा बोअरमध्ये एक पाइप वाढवला. मागच्या वर्षीही एक वाढवला होता. दोन्ही खरं कसं?

वही देऊ शकते, पण मग नाव कळेल आणि नियम ७ प्रमाणे प्रॅक्टिकलला शून्य मिळेल. म्हणून देत नाही. बाकी कोर्स चांगला आहे.'

मी ते तीनदा वाचलं. पहिल्यांदा पंख्याचं वाचून हसू आलं. तिसऱ्यांदा वाचताना मी उभी राहिले होते.

आमच्या यंत्राबद्दल सांगायला हवं. ते प्रवासात नेतात त्या पाण्याच्या जारएवढं आहे. आत काचेची नळी, नळीत रुबिडियम या धातूचे काही लाख अणू. लेझरच्या झोताने हे अणू जवळजवळ स्तब्ध होईपर्यंत थंड केले जातात आणि मग सोडून दिले जातात. ते चार-पाच सेंटिमीटर खाली पडतात. किती वेगाने पडले हे दुसरा लेझर मोजतो, आणि मिनिटाभरात पडद्यावर त्या जागेचं गुरुत्व येतं, नऊ आकडी. त्यातले पहिले सहा आकडे हलत नाहीत. गंमत शेवटच्या तिघांत आहे. चंद्र-सूर्याची ओढ आणि हवेचा दाब यंत्र स्वतःच वजा करतं. जे उरतं ते फरशीखाली काय आहे त्याचं मोजमाप.

आणि फरशीखाली पाणी असतं. पाण्याला वजन असतं, वजनाला ओढ असते. जमिनीतलं पाणी वाढलं की अणू किंचित जोरात पडतात, घटलं की किंचित सावकाश. आमच्या तापीकाठच्या गाळात पाणी वाळूच्या कणांमधल्या फटींत राहतं. तिथे पातळी एक मीटर खाली गेली की शेवटचा आकडा साधारण चारने उतरतो.

एकेक रीडिंग तसं ओबडधोबड असतं, वीसेक घरं इकडे तिकडे उडी मारतं. म्हणून पुष्कळ रीडिंग घेऊन सरासरी काढायची. पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायची गोष्ट ती हीच. मला वाटलं होतं, मुलं सरासरी शिकतील आणि त्यांची रीडिंग देशाच्या भूजल नकाशात जातील. शिकता शिकता खरं काम. कल्पना चांगली होती, अजूनही चांगली आहे.

फक्त यंत्र बसवलं त्या सप्टेंबरमध्ये अचूक उपकरणाने काढलेला शेवटच्या तिघांचा आकडा, ४१२, मी भिंतीवर लावला. यंत्र बिघडलं तर मुलांना कळावं म्हणून. शिवाय वीसपैकी पाच गुण 'अचूकते'साठी ठेवले, म्हणजे त्या आकड्याच्या दहा घरांच्या आत येण्यासाठी. मुलांनी काळजीपूर्वक काम करावं म्हणून. फाइल स्वच्छ राहाव्यात म्हणून रद्द केलेली रीडिंग साठवायची नाहीत, फक्त त्यांची संख्या आणि कारण साठवायचं, असंही मीच ठरवलं. नियम सातही माझाच. यंत्राचा दोष किंवा कंपन सोडून दुसऱ्या कारणाने रीडिंग रद्द केलं तर शून्य.

म्हणजे प्रामाणिकपणासाठी मी जे जे केलं, त्या प्रत्येकाने मुलांना एकच गोष्ट शिकवली होती.

मी लॅबमध्ये गेले. फिरके भाऊ यंत्रांवर कापडी झाकणं घालत होते. ते इथले प्रयोगशाळा सहायक. नोकरी माझ्यापेक्षा सहा वर्षांनी जुनी आणि घरी केळीची बाग.

"भाऊ, मुलं रीडिंग रद्द करतात?"

"करतात ना."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मॅडम, जर्नल तपासायला तुम्ही. मी कापडं घालणारा."

मी रद्द केलेल्यांची नोंद उघडली. वर्षभराची यादी सरकत गेली आणि प्रत्येक ओळीत तेच : वाहनाचे कंपन, वाहनाचे कंपन.

फिरके भाऊ माझ्या खांद्यावरून बघत होते. "कोणतं वाहन म्हणे? हायवे बायपासला जाऊन दोन वर्षं झाली. आता इथून रसवंतीची गाडी तेवढी जाते. तीबी उन्हाळ्यात."

मी आठवड्यांप्रमाणे संख्या मांडल्या. सप्टेंबरमध्ये दर गटामागे बत्तीस रद्द. डिसेंबरमध्ये बेचाळीस. मार्चमध्ये सत्त्याऐंशी. मग मागचं वर्ष काढलं. मार्चमध्ये त्रेसष्ट. त्याच्या मागचं, मार्चमध्ये अठ्ठेचाळीस. दर वर्षी सप्टेंबरपासून चढ, मार्चला टोक, आणि टोक दर वर्षी आदल्यापेक्षा उंच.

मी सगळ्या संख्या पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. इतक्या अधीरपणे मी याआधी एकदाच मोजलं होतं, एम.एस्सी.ला पहिल्यांदा स्वतःच्या हाताने वर्णपटाची रेघ मिळाली तेव्हा.

"भाऊ, तुमची केळी एक्स्पोर्टला जातात तेव्हा लांबी बघतात ना?"

"बघतात. सात इंच ते आठ. कमी-जास्त असली की बाजूला."

"समजा मी बाग बघितलीच नाही. घेतलेला मालही बघितला नाही. मला फक्त बाजूला काढलेल्यांचा ढीग मोजून दिलात. यंदा ढीग मागच्या वर्षीच्या दुप्पट आहे. मी काय म्हणेन?"

"बाग बिघडली म्हणाल."

"किती बिघडली तेही सांगता येईल. ढिगावरून."

त्यांनी हातातलं कापड घडी घालून बाकावर ठेवलं. "नाही सांगता येणार. केळी आखूड झाली का लांब झाली, ढिगावरून कसं कळणार? आणि आमच्या बागेत सगळी एका मापाची येतात का, का एकेक वेगळं, तेबी माहीत पाहिजे."

"बरोबर," मी म्हणाले. त्यांनी माझ्या आधी गाठलं होतं. रद्द झालेल्यांच्या संख्येवरून खरा आकडा ४१२ पासून किती दूर गेला ते काढता येत होतं. पण दोन गोष्टी अडत होत्या. तो वर गेला की खाली, आणि यंत्र मुळात किती उड्या मारतं. दोन्हींचं उत्तर फक्त एका कच्च्या वहीत होतं.

म्हणजे मुलांनी फेकलेलं गेलं नव्हतंच. एक्केचाळीस कॉलेजांच्या तीन वर्षांच्या फाइलींत ते ढिगांच्या रूपाने पडून होतं. आम्ही स्वच्छ ठेवलेला भाग खोटा होता आणि कचरा खरा होता.

दुपारी मी फलकावर चिठ्ठी लावली : 'ज्यांच्याकडे कच्ची वही आहे, त्यांनी मला भेटावं अशी विनंती. नियम ७ मी लिहिला आहे आणि तो चुकीचा आहे. – मृणाल भंगाळे.'

शुक्रवारी सकाळी साडेनऊला दारात एक मुलगी उभी राहिली. खांद्याला सॅक, ओढणीला शाईचा डाग. हलिमा तडवी. मला तिचं नाव माहीत होतं, आवाज माहीत नव्हता. वर्षभरात ती माझ्या तासाला एकदाही बोलली नव्हती.

"नियम रद्द झाला का, मॅडम?"

"नाही. तो समितीशिवाय रद्द करता येत नाही. मी तसं मागणार आहे."

"मिळेल का?"

"माहीत नाही."

तिने सॅकचा पट्टा घट्ट धरला. "माझी पुण्याच्या संस्थेतली मुलाखत झालीय. पाच वर्षांचा कोर्स. त्यांनी घेतलंय मला, फक्त प्रॅक्टिकलचे गुण जायचेत. शून्य गेलं तर जागा जाईल."

"मग वही देऊ नकोस," मी म्हणाले. मनापासून म्हणाले, पण नजर तिच्या सॅकवरच होती. ती वही मला किती हवी होती ते त्या क्षणी कळलं.

"तुम्हाला कशाला पाहिजे पण?"

मी तिला आठवड्यांप्रमाणे रद्द केलेल्यांचा आलेख दाखवला. ती वाकून बघत राहिली. मग स्वतःशीच म्हणाली, "म्हणून एसटी चुकत होती."

"म्हणून."

"पाणी खाली गेलं म्हणून माझी एसटी चुकली." ती हसायला लागली. बासष्टातली सर्वांत गप्प मुलगी खुर्चीला धरून हसत होती. मलाही आवरेना.

मग तिने सॅकमधून वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली वही काढली. "नाव कव्हरच्या आत आहे. ते तेवढं बघू नका."

"मला आता माहीत आहे."

"तुम्हाला आहे. समितीला नाही."

चोवीस गुरुवार, पानापानावर बारीक आकडे. ठेवलेल्यांभोवती गोल, बाकीच्यांभोवती काही नाही. सतराशे सत्तावीस रीडिंग. आम्ही दोघींनी ती कॉम्प्युटरमध्ये भरली. एक वाचत होती, एक टाइप करत होती, आणि फिरके भाऊ दर शंभराला चहा ठेवत होते. दुपारी तीनला मी सरासरी काढली. यंत्राची उडी एकोणीस पूर्णांक आठ. सप्टेंबरची खरी सरासरी ४१३. मार्चची ३८७.

आकडा खाली गेला होता. म्हणजे पाणी सहा मीटरहून जास्त, एका हंगामात.

उडी मिळाल्यावर मागच्या वर्षांचे ढीग उलगडायला दहा मिनिटं लागली. मार्चचा आकडा दोन वर्षांपूर्वी ३९७, मग ३९२, मग ३८७. दर वर्षी पावसाळ्यात भरून येत होतं, पण उन्हाळ्याच्या तोंडाला आदल्या वर्षीपेक्षा सव्वा मीटर खाली पोचत होतं. हिरवा तालुका.

"पण मॅडम," हलिमा म्हणाली, "सव्वा मीटर. मामूचा पाइप वीस फुटांचा असतो. म्हणजे सहा मीटर."

"तुझं गाव पायथ्याशी ना?"

"सातपुड्याच्या एकदम कुशीत. तिथे गाळ नाही, गोटे आहेत."

"तिथलं मला माहीत नाही."

"मामूलाही नाही. तो घाबरून जास्तच घालतो. पाइप संपला की त्याला झोप लागत नाही."

शनिवारी सकाळी मी उत्पलला फोन लावला. उत्पल सरोदे नागपूरला भूजल नकाशा केंद्राचा प्रमुख आहे, माझा एम.एस्सी.चा सहाध्यायी. एक्केचाळीस कॉलेजांचे आकडे त्याच्याकडे जातात आणि नकाशावर हिरवे-पिवळे-लाल ठिपके होतात. आमचे एक्केचाळीसही हिरवे होते. या नकाशाबद्दल त्याचा गेल्या वर्षी सत्कार झाला होता, आणि भाषणात त्याने माझं नाव घेतलं होतं.

त्याने सगळं ऐकून घेतलं.

"सोमवारी समिती आहे," तो म्हणाला.

"हो."

"मंगळवारी सांग."

"उत्पल."

"मी काय म्हणतोय, मान्यता घे. मग दुरुस्ती कर. चारशे कॉलेजांत नवीन पद्धतीने सुरू होईल. कुणाचं काय बिघडलं? अकरा वर्षं या अभ्यासक्रमामागे धावतेयस, मृणाल. शेवटच्या चार दिवसांत तुला पायात पाय घालायचाय?"

"चारशे कॉलेजांच्या भिंतींवर आकडा लावायचा आणि मग काढायचा?"

"एका मुलीची वही आहे ती. पहिल्या वर्षाच्या."

"सतराशे रीडिंग आहेत. तुझ्या-माझ्या थिसिसमध्ये मिळून एवढी नव्हती."

"माझ्या थिसिसवर जाऊ नकोस." मागे त्याची मुलगी पियानो वाजवत होती, त्याच त्या चार पट्ट्या. "तीन वर्षं एक्केचाळीस रेघा सपाट येत होत्या. पावसाळ्यातही. मला एकदा वाटलं होतं विचारावं."

"का नाही विचारलंस?"

"तू पाठवलेल्या होत्यास म्हणून." ते मला लागलं. तो टोमणा नव्हता, आणि म्हणूनच जास्त लागलं. मग एकदम वेगळ्या आवाजात त्याने विचारलं, "सिग्मा किती आला म्हणालीस? यंत्राची उडी?"

"एकोणीस पूर्णांक आठ."

"सगळीकडे एकाच कंपनीची यंत्रं आहेत."

"हो."

"म्हणजे हाच सगळीकडे चालेल." पुन्हा पियानो. "पाठव. आत्ता पाठव."

रविवारी अकराच्या सुमारास त्याचाच फोन आला. हॅलोसुद्धा न म्हणता बोलायला लागला. "छत्तीस कॉलेजांत चढ-उतार स्पष्ट आहे. पावसाळा दिसतो, मृणाल. पावसाळा दिसतो. तीन कॉलेजांत खरंच स्थिर आहे. आणि दोन आहेत तिथे पावसाळ्यानंतर ढीग एकदम वाढतो, म्हणजे पाणी वर आलंय, नाहीतर फार खाली गेलंय. वही नाही म्हणून कळत नाही. मला वेड लागायची पाळी आलीय. मी उद्या येतो."

"तुझा नकाशा मोडेल, उत्पल."

"मोडलाच आहे. कळलं कालच." आणि तो चक्क हसला. "अगं, पण हा नवा किती चांगला आहे."

सोमवारी समिती दहाला आली. अध्यक्ष डॉ. देवस्थळी, सत्तरीच्या, बारीक चणीच्या, हातात चौकोनी चष्मा. पद्धतीप्रमाणे यंत्राजवळ प्रात्यक्षिक दाखवायला दोन विद्यार्थी उभे होते. त्यांतली एक हलिमा. ते महिन्यापूर्वीच ठरलेलं होतं. मी तिला नको म्हटलं होतं, ती म्हणाली, आता नाव काढलं तर सगळे का म्हणून विचारतील.

मी ४.९ चा सारांश त्यांच्यापुढे ठेवला आणि त्याच्या शेजारी वगळलेला अभिप्राय. मग आलेख. मी वीस मिनिटं बोलले. भिंतीवरचा आकडा, पाच गुण, नियम सात, बायपास. उत्पल मागे बसून होता. सगळं सांगून झाल्यावर देवस्थळी मॅडमनी चष्मा लावला.

"म्हणजे तुम्ही मान्यता मागता आहात की नाही?"

"या स्वरूपात नाही."

"चारशे कॉलेजं तयार बसली आहेत."

"मला माहीत आहे."

त्यांनी कच्च्या वहीच्या प्रती हातात घेतल्या. मी नाव असलेलं पान वगळून काढल्या होत्या. त्या बराच वेळ पानं उलटत राहिल्या. लॅबमध्ये तिसऱ्या बाकावरचा पंखा फार आवाज करत होता. वर्षभरात मी तो ऐकलाच नव्हता.

"वही कुणाची?"

"विद्यार्थ्याची. नाव सांगायची परवानगी नाही."

"ठीक. पण हे बघा, चौदा नोव्हेंबर. इथे सात रीडिंगवर फुली मारलेली आहे. बाकी कुठेच फुली नाही. ही सात तुम्ही हिशेबात धरली आहेत का?"

मी पान बघितलं. फुल्या होत्या. शुक्रवारी टाइप करताना मी त्यांच्याकडे लक्षच दिलं नव्हतं. "धरली आहेत," मी म्हणाले.

"का धरली? लिहिणाऱ्याने फुली का मारली आहे? मनाला येईल तसं काढायचं आणि घालायचं, तेच जर इथेही असेल, तर या वहीवर मी विश्वास का ठेवू?"

मी वहीची दुसरी पानं चाळली, काहीतरी सापडेल म्हणून. समितीतले एक गृहस्थ घड्याळ बघायला लागले. सगळं त्या सात फुल्यांवर येऊन थांबलं होतं आणि ते मला दिसत होतं.

"मी टेबलाला टेकले होते."

आवाज यंत्राजवळून आला. हलिमा एक हात यंत्राच्या झाकणावर ठेवून उभी होती.

"चौदा नोव्हेंबरला माझ्या पायात गोळा आला होता, म्हणून टेकले. टेबल हलत होतं. सात रीडिंग झाल्यावर लक्षात आलं. ती खरंच कंपनाची आहेत." तिने झाकणावरचा हात काढला. "ती धरायला नको होती. मॅडमना मी सांगायला विसरले."

देवस्थळी मॅडमनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "म्हणजे वही तुमची."

"हो."

"नियम सात माहीत आहे?"

"हो. म्हणूनच नाव सांगितलं नव्हतं."

उत्पल तोवर लॅपटॉपवर वाकला होता. "सात काढली तर नोव्हेंबरचा बिंदू रेघेवर येतो," तो म्हणाला. "बरोब्बर रेघेवर. मघापासून तोच एक बाहेर होता."

मी उठले. "नियम लावायचा तर बासष्ट जणांना लावावा लागेल, आणि मागच्या दोन वर्षांतल्या सगळ्यांना. आणि त्याआधी मला. चुकीचं करण्यासाठी गुण मी ठेवले होते. तिने ते गुण घेतले, आणि तरीही खरं लिहून ठेवलं."

"तुम्ही बसा," देवस्थळी मॅडम म्हणाल्या. "भाषण नको." मग हलिमाला, "तुम्ही इकडे या. ही खुर्ची घ्या, टेबलाला टेकू नका. मला ऑक्टोबरपासून एकेक पान समजावून सांगा."

हलिमाने समजावलं. पाऊण तास. मला मध्ये एकदाही बोलावं लागलं नाही. तीनदा ती देवस्थळी मॅडमना म्हणाली, "नाही, तसं नाही."

निर्णय दुपारी चारला मिळाला. मापन-१ ची मान्यता एक वर्ष पुढे. एक्केचाळीसही ठिपके नकाशावरून काढायचे आणि पुन्हा मोजायचे. भिंतीवरचे आकडे आणि अचूकतेचे पाच गुण रद्द, नियम सात रद्द, यंत्राने यापुढे प्रत्येक रीडिंग साठवायचं. यंदाचं प्रॅक्टिकल सगळ्यांसाठी पंधरापैकी धरायचं आणि गुण शुक्रवारपर्यंत कळवायचे. सहीच्या वर देवस्थळी मॅडमनी हाताने एक ओळ घातली होती : जिथे अजून कुणीच मोजलेलं नाही अशा जागा आधी घ्याव्यात.

"वर्ष गेलं तुझं," उत्पल जिना उतरताना म्हणाला.

"हो." मी म्हणाले, आणि दोन-दोन पायऱ्या उतरत होते हे मला फाटकापाशी लक्षात आलं.

मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी फिरके भाऊंच्या पुतण्याच्या पिकअपमध्ये यंत्र बांधून आम्ही हलिमाच्या गावी गेलो. तिची पुण्याची जागा पक्की झाल्याचं पत्र आदल्या आठवड्यातच आलं होतं. जुलैत ती जाणार होती. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या ओट्यावर सावली होती, खाली पक्का कातळ होता. मागे सातपुड्याची निळी रांग. कोरड्या नदीच्या पात्रात पांढरे गोटे तापत होते. त्या गोट्यांखाली पाणी आहे की नाही, येतं कुठून आणि जातं कुठे, याचा एकही आकडा जगात कुठल्याच कागदावर नव्हता.

यंत्र थंड व्हायला अर्धा तास लागला. म्हणजे आतले अणू. बाहेर त्रेचाळीस अंश होतं. हलिमाचा मामू, रुबाब तडवी, ओट्याच्या पायरीवर उकिडवा बसून बघत होता. सडपातळ, पांढरी मिशी, खिशात पाना.

"किती यायला पाहिजे?" त्याने विचारलं.

मी हलिमाकडे बघितलं, तिने माझ्याकडे. मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं की मला माहीत नाही. अंदाजसुद्धा नाही. पहिल्या वर्षाला असताना असायचं तसं.

"कुणालाच माहीत नाही," मी म्हणाले.

"मग बरोबर आलं का चूक, कसं कळणार?"

पडद्यावर हिरवी पट्टी भरत गेली. तिघंही वाकलो. अणू सुटले, पडले, आणि नऊ आकडे उमटले. हलिमाने शेवटचे तीन मोठ्याने वाचले, "सहाशे एकोणतीस," आणि नव्या वहीच्या पहिल्या पानावर पहिल्या ओळीत लिहिले.

"चांगलं आहे का?" मामूने विचारलं.

"अजून एकशे एकोणीस घ्यायचीत, मामू," ती पुढचं बटण दाबत म्हणाली. "चहा सांग. आणि ओट्यावरून पाय काढ."